सेकंडहँड रेग्युलेटर घेताय? आधी सर्व्हिस किट मिळतं का ते बघा

तुमचा स्कूबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स (ओपन वॉटर) झालाय, ६० हजारांत डाइव्हिंगचं पहिलं सामान जमवायचंय आणि एक जुना रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) १८ हजारांत मिळतोय, तो घेऊ का, असा तुमचा प्रश्न आहे. अजून पैसे देऊ नका. माझे सगळ्यात जास्त पैसे याच ठिकाणी बुडाले, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रेग्युलेटरची खरी किंमत विकत घेताना कळत नाही, सर्व्हिसला दिल्यावर कळते. आतलं हाय प्रेशर सीट, ओ-रिंग, फिल्टर हे सगळं झिजणारं सामान. साधारण वर्षाने किंवा १०० डाइव्हनंतर (मॅन्युअलमध्ये असेल ते प्रमाण) ते बदलावं लागतं. या बदलायच्या सामानाचा संच म्हणजे सर्व्हिस किट. फर्स्ट स्टेज (टाकीला जोडायचा भाग), सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) आणि ऑक्टोपस (जोडीदारासाठीचा जादा सेकंड स्टेज), म्हणजे किटं तीन. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली असतील तर किट मिळेनासं होतं, मग बाहेरून क्रोम कितीही चकचकीत असो, तो रेग्युलेटर पाण्यात न्यायच्या लायकीचा राहत नाही. मी दिला होता त्या सर्व्हिसवाल्यांनी अडीच महिने ठेवून घेतला आणि शेवटी 'पार्ट येत नाहीत' म्हणून तपासणीचे पैसे लावून परत दिला. मॉडेलचं नाव बघून हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं! म्हणून मॉडेल आणि सिरियल नंबर कळवून तीन गोष्टी लेखी विचारा: किट आहे का, तिन्हींचा मिळून खर्च किती, दिवस किती लागतील. लेखी उत्तर आलं नाही तर सौदा सोडा. विकणारा 'पार्ट आजीवन मोफत' म्हणत असेल, तर ती हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते.

उत्तर होकारार्थी आलं तरच वस्तू बघायला जा. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला फिल्टर टॉर्चने बघा. हिरवट दिसला तर आत खारं पाणी गेलंय, तांबूस असेल तर टाकीतला गंज आलाय. होजवरची (हवेच्या नळ्यांवरची) रबरी टोपणं मागे सरकवा. भेगा असतात त्या नेमक्या त्याखाली. डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) घट्ट लावून माउथपीसमधून हलकेच श्वास ओढा. हवा येता कामा नये. आली तर डायफ्राम किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. मग भरलेल्या टाकीला जोडून इन्फ्लेटर होजवर (जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीवर) आयपी गेज, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून निघणाऱ्या हवेचा दाब दाखवणारं मीटर लावा. बहुतेक मॉडेलांत काटा ९ ते १० बारच्या आसपास थांबतो. पाच मिनिटं नुसतं बघत राहा. काटा हळूहळू चढत राहिला तर सीट गेलंय आणि पुढे फ्री फ्लो (हवा आपोआप वाहत राहणं) ठरलेला. मी टेक्निशियन नाही; हे फक्त घ्यायचा की नाही ते ठरवण्यापुरतं आहे. रेग्युलेटर घरी उघडू नका.

माझं मत विचाराल तर ६० हजारांत सगळं बसवायचा हट्टच नको. मास्क, फिन्स आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) आधी नवे घ्या. मास्क कसा बसवून बघायचा ते कोर्समध्ये शिकवलंच असेल. कॉम्प्युटरची बॅटरी स्वतःला बदलता यावी आणि त्यात नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची) सोय असावी, एअर इंटिग्रेशनवर (टाकीतला दाब कॉम्प्युटरवर दाखवण्याच्या सोयीवर) आत्ता खर्च नको. कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमानसाठी ३ मिमीचा सूट पुरतो. बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) आणि शिसं (कमरेची वजनं) भाड्याने घ्या. विमानात १५ किलोंच्या सामानात बीसीडी बसवताना नाकी नऊ येतात. टाकी तर मुळीच घेऊ नका. तिची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) आली, परदेशातून मागवली तर गॅस सिलेंडर नियमांखाली नागपूरच्या पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलेंडरांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) परवानगी आली, आणि डाइव्ह सेंटर टाकी देतंच.

रेग्युलेटर घ्यालच तेव्हा डिन फिटिंगचा (टाकीत आटे फिरवून बसणारा) आणि सोबत योक (टाकीवर शिकंजासारखं आवळायचं फिटिंग) अडॅप्टर, म्हणजे कुठल्याही सेंटरवर अडत नाही.

आणखी एक. मालवणचा सीझन मे अखेरीस संपला की सामान चार महिने पडून राहतं आणि कोकणातली दमट हवा ते खाते. रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजवताना डस्ट कॅप आधी पुसून कोरडी करून लावा आणि पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबू नका. दाबलंत की पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं. होज ओढून बांधू नका, सैल वेटोळं करून ठेवा. बीसीडी पुढे स्वतः घेतल्यावर आतूनही धुवा आणि अर्धवट फुगवून सावलीत टांगा.