आधी मशीन की आधी कुट्टी? गोठ्यातल्या सामानाबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न गोठ्यातल्या सामानाचेच आहेत आणि तेही आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर, दिंडोरी, निफाड, इगतपुरी. त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या वेळी, आज फक्त गोठा.

प्रश्न: ताई, आमच्याकडे ६ गायी आहेत, ४ दुधात. धारा काढायला मी आणि सासूबाई. सासूबाईंची बोटं आता सकाळी वळतच नाहीत. मिस्टर म्हणतात आधी कडबा कुट्टी (वैरण बारीक कापायचं यंत्र) घेऊ, मी म्हणते मिल्किंग मशीन, म्हणजे धार काढायचं. पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. (एक ताई, सिन्नर तालुका)

ताई, मशीन घ्या. कारण सांगते. कुट्टी शेजाऱ्याकडून करून आणता येते, दोन घरात मिळून एक वापरता येते, एखाद्या दिवशी नाहीच झाली तर जनावर अख्खी वैरण खातं, थोडी नासाडी होते इतकंच. धार मात्र दिवसातून दोनदा काढावीच लागते, लग्न असो मयत असो, आणि ती उसनी कोणी काढून देत नाही. ज्या कामाला सुट्टी नाही त्याच्यावर आधी पैसे घालायचे, आणि ते काम ज्याच्या हातात आहे त्याला विचारून घालायचे. मिस्टरांना एक आठवडा चारही गायींच्या दोन्ही वेळच्या धारा काढू द्या, खरंच सांगते, मग घरातला निर्णय एकमताने होईल.

४ गायींना एका बादलीचं छोटं मशीन पुरतं, सिंगल फेजवर चालणारं. पण मशीन आणलं की काम संपलं असं नाही, उलट मशीनने दगडी (कास सुजण्याचा आजार) होते अशी जी ओरड ऐकू येते ना ती बहुतेक वेळा वापरण्याच्या चुकीमुळेच असते, म्हणून हे नीट वाचा. आधी प्रत्येक सडातून दोन-तीन पिळ्या काळ्या तळाच्या वाटीत काढून बघायच्या, गाठी किंवा पाणचट दिसलं तर त्या गायीला मशीन लावायचंच नाही, तिची धार शेवटी हाताने काढायची, दूध वेगळं ठेवायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. मग सड धुवून स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसायचे, प्रत्येक गायीला वेगळं फडकं. हे पुसणं-चोळणं सुरू झालं की गाय मिनिटभरात पान्हा सोडते आणि तो पान्हा साधारण ५ ते ७ मिनिटंच टिकतो, म्हणजे एक-दीड मिनिटात मशीनचे कप सडांना लागले पाहिजेत. आपल्याकडे काय होतं, कास धुतली, मग पेंड आणायला गेलो, मग फोन आला, तोवर पान्हा गेला, आणि मग कोरड्या सडावर मशीन ओढत बसतं. सडाचं तोंड असं रोज ओढलं गेलं की टोकाला पांढरं खरखरीत कडं दिसायला लागतं, बोटाने फिरवून बघा, हाताला लागतं. ते दिसलं की समजायचं आपण मशीन जास्त वेळ ठेवतोय किंवा व्हॅक्यूम जास्त आहे. व्हॅक्यूमचा काटा मशीनच्या पुस्तकात दिलाय तिथेच ठेवा, लवकर व्हावं म्हणून वाढवू नका.

धार झाली की चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि गायीपुढे ताजी वैरण टाकायची, म्हणजे ती अर्धा तास तरी उभी राहते. सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो, लगेच शेणात बसली तर सगळं आत जातं. या एका सवयीला पैसा लागत नाही.

कपातले रबरी लायनर साधारण २५०० धारांनंतर बदलायचे असतात. तुमच्या ४ गायी दोन वेळ म्हणजे दिवसाला ८, दहा-साडेदहा महिन्यांत हिशोब भरतो, पण रबर त्याआधी चिरलं किंवा मऊ पडलं तर तेव्हाच बदला. घेतल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, वहीतली तारीख कोणी बघत नाही. आणि दुकानदाराला पहिला प्रश्न किंमतीचा नाही, लायनर आणि पल्सेटरचे (लायनर उघड-मीट करवणारा भाग) पार्ट सिन्नरला किंवा नाशकात मिळतात का हा विचारायचा.

लाईट गेली तर? हाताची सवय मोडू नका, एवढंच.

प्रश्न: जुनी विजेवरची कुट्टी कमी पैशात मिळतेय, २ एचपीची मोटर आहे. घेऊ का? (एक शेतकरी, दिंडोरी)

मोटर नंतर बघा, आधी तोंड बघा. वैरण घालायची जी पत्र्याची नळी असते ती एवढी लांब पाहिजे की तुमचा पूर्ण हात आत घातला तरी बोटं रोलरला पोचता कामा नयेत, आणि रोलरकडचा भाग वरून झाकलेला पाहिजे. जुन्या मशीनवर बऱ्याचदा हे झाकण कापून टाकलेलं असतं, कारण काय तर वैरण पटपट जाते. तसं असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका, किंवा घेतली तर आधी फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन नळी लांब करून घ्या आणि मगच गोठ्यात आणा.

मी हे इतकं जोर देऊन का सांगतेय, आमच्या भावकीतल्या एका काकूंचा उजवा हात मनगटापासून गेला. उसाचं ओलं वाढं होतं, अडकलं, त्यांनी मुठीने थोडं आत ढकललं, तेवढंच. बांगड्या आधी अडकल्या. रोलर ज्या वेगाने ओढतो त्या वेगाने माणसाला हात मागे घेता येत नाही, आणि बटण बंद केलं तरी जड चाक फिरतच राहतं, लगेच थांबत नाही. काकू आता डाव्या हाताने भाकरी थापतात. त्या मशीनला उलटं फिरवायचा दांडा होता, पण तो गंजून बसला होता, कधी कोणी हलवलाच नव्हता.

म्हणून घेताना तो दांडा स्वतः ओढून बघा. पुढे-बंद-मागे तिन्ही ठिकाणी मोकळा चालला पाहिजे, आणि कुट्टी घालणाऱ्या माणसाचा हात उभ्या जागेवरून तिथे पोचला पाहिजे. पाती बदलताना चाकाला अडकवायची खीळ आहे का बघा. पट्ट्यावर जाळी पाहिजे. कुट्टी करताना पदर खोचून, ओढणी काढून, बांगड्या घड्याळ काढून, आणि अडकलेलं काही असेल तर मेन स्विच बंद करून, चाक पूर्ण थांबल्यावरच काढायचं. लहान पोरं त्या खोलीत नकोत. अर्थिंग करून घ्या, ओल्या वैरणीने तिथली जमीन कायम ओलीच असते.

बाकी कुट्टीचा फायदा मोठा आहेच, कडब्याची बुडखी जनावर सोडून देतं ती पण खाल्ली जातात, आणि मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करायचा तर कुट्टीशिवाय होतच नाही.

प्रश्न: आमची चांगली दुधाची गाय अचानक दूध कमी करून बसली, रवंथ बंद, शेवटी गेली. डॉक्टर म्हणाले पोटात तार होती. आमची द्राक्षबाग आहे, बागेतलं गवत गायींना घालतो. परत असं होऊ नये म्हणून काय घेता येईल? (एक वाचक, निफाड)

फार वाईट वाटलं वाचून. आपल्या द्राक्षाच्या पट्ट्यात हे होतं आणि त्याच्यावरचा उपाय खूप स्वस्त आहे, म्हणूनच जास्त हळहळ वाटते.

गाय शेळीसारखी निवडून खात नाही, जिभेने गुंडाळून सरळ आत घेते. मांडव दुरुस्त करताना कापलेले तारेचे तुकडे ओळीत पडतात, गवत त्यांच्यावर वाढतं, गवताबरोबर ते गव्हाणीत येतात. तार जड असल्याने जाळीपोटात, म्हणजे दुसऱ्या पोटात, जाऊन बसते. ते पोट आकुंचन पावलं की तार पुढे टोचते आणि पुढे लगेच छाती-पोटामधला पडदा आणि त्याच्यापलीकडे काळीज आहे. कुट्टी केलेली वैरण असेल तर अजून धोका, कारण मशीन लांब तारेचे बोटभर अणकुचीदार तुकडे करून देतं. आणि एक, जुन्या टायरची गव्हाण करतात ना, ती झिजली की तिच्यातूनही बारीक तारा निघतात. तुमच्याकडे असेल तर काढून टाका.

लोहचुंबक घ्या. एक गायीच्या पोटातलं, बोटाएवढं गुळगुळीत, जनावरांच्या डॉक्टरकडून तोंडावाटे द्यायचं. ते जाळीपोटात आयुष्यभर राहतं आणि लोखंड स्वतःला चिकटवून धरतं. साधारण वर्षाच्या पुढच्या कालवडीपासून देता येतं, एका जनावराला एकच. आधी दिलंय का आठवत नसेल तर साधं होकायंत्र डाव्या कोपरामागे धरून बघा, आत चुंबक असेल तर काटा हलतो. दुसरं चुंबक बाहेरचं, जुन्या स्पीकरचं मोठं चुंबक काठीला बांधून कुट्टीच्या ढिगातून आणि गव्हाणीतून रोज फिरवायचं. पहिल्या आठवड्यात त्याला काय काय चिकटतं ते बघून तुम्हाला धक्का बसेल. पण तांबं, अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून छाटणी आणि बांधणीच्या दिवसांत कामाला येणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला एक पिशवी द्या, कापलेली तार खाली टाकायचीच नाही. फवारणी झालेल्या बागेतलं गवत तर घालूच नका, तो वेगळाच त्रास.

गाय पाठ वर करून उभी राहिली, पुढची कोपरं बाहेर काढली, उतारावरून उतरताना किंवा उठताना कण्हली, तर पोट बिघडलंय समजून काढे पाजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न: आमच्याकडे ५ डांगी गायी आहेत. गोठ्यात रबर मॅट टाकावी का? पावसाळ्यात सगळा चिखल होतो. (एक वाचक, इगतपुरी)

डांगी हे तुमच्या पावसासाठीच घडलेलं जनावर आहे, कातडीला तेलकटपणा असतो म्हणून पाणी ओघळून जातं, खूर काळे आणि टणक. मॅटची गरज सिमेंटच्या कोब्यावर बांधलेल्या जड एचएफ (होल्स्टीन, विदेशी जातीच्या) गायींना जास्त, त्यांचे गुडघे सोलतात, पाय घसरतो. तुमची जमीन मातीची असेल तर मॅटखाली मूत साचून वास आणि माशाच वाढतील. त्याच पैशात गव्हाणीपुढे मुरूम घालून उतार काढा, पागोळीचं पाणी बाहेर न्यायला पन्हळ लावा, आणि शेण ओढायला लांब दांड्याचं रबरी फावडं आणि एकचाकी गाडी घ्या. डोक्यावर पाटी घेऊन पावसात उकिरड्यापर्यंत जाणं बंद होईल.

प्रश्न: जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं, पण गायीचं वजन कसं करायचं? काटा नाही. (एक वाचक, चांदवड)

शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या पुढच्या हाडापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, येईल ते किलो. घेर ६६ आणि लांबी ५८ असेल तर साधारण ३८३ किलो. अंदाजच आहे, पण नुसत्या नजरेपेक्षा बरा, नजरेने बहुतेक लोक कमीच धरतात आणि औषध कमी पडतं.

प्रश्न: मी अंबड एमआयडीसीत कामाला आहे, गावी सिन्नरकडे आई एकटी ३ गायी बघते. दिवाळीला तिला साडी न घेता गोठ्यात उपयोगी पडेल असं काहीतरी घ्यायचंय, बजेट हजार-दीड हजार. (एक वाचक, नाशिक)

अरे, साडी पण घे, पुढच्या पगारात घे. आत्ता यात तीन वस्तू बसतील.

पहिली, डोक्याला लावायची चार्जिंगची बॅटरी. मोबाईल दातात किंवा खांद्यात धरून रात्री गाय वितताना बघणाऱ्या बायका मी बघितल्यात, दोन्ही हात मोकळे असणं म्हणजे काय ते अशा वेळी कळतं. आणि तुमच्या भागात उसात बिबट्या असतो, रात्री गोठ्याकडे जाताना नुसत्या हातातल्या उजेडापेक्षा हे बरं, जोडीला मोठ्याने बोलत जायला सांग. वासरं रात्री उघड्यावर बांधू नका, त्यांना चारी बाजूने आणि वरूनही जाळी पाहिजे, ते काम सुट्टीत तू स्वतः येऊन कर.

दुसरी, डिजिटल थर्मामीटर, फक्त जनावरांसाठी वेगळा. गायीचा ताप शेणाच्या जागेतून मोजायचा, साधारण १०१.५ फॅरनहाइट म्हणजे ठीक. आईने १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाईन नंबरला फोन केला आणि "गाय गप्प आहे" असं सांगण्याऐवजी "१०५ ताप आहे, सकाळपासून रवंथ नाही" असं सांगितलं की पलीकडच्या डॉक्टरला किती फरक पडतो. मागे दोरा बांध आणि दोऱ्याला चिमटा लाव, शेपटीच्या केसाला अडकवता येतो, नाहीतर आत ओढला जातो किंवा पडून फुटतो.

तिसरी, गमबूट. आई म्हणेल मला नको, मी चपलेवर करते, सवय आहे. तिच्या टाचांच्या भेगा बघ एकदा, शेणामुताच्या पाण्यात रोज तासन्‌तास असतात त्या. दुकानात बहुतेक पुरुषांचीच मापं असतात, म्हणून जाताना तिचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलने आखून ने, मोजा घालून बसेल असा एक नंबर मोठा घे.