जे-१ व्हिसावर अमेरिकेला इंटर्नशिपला जातोयस? आधी एवढं बघ

वेंगुर्ल्याच्या हॉटेलात दोन सीझन काढलेस, म्हणजे अर्धी तयारी झालीच रे! घाई तेवढी करू नकोस.

पहिलं, एजंटला पैसे देण्याआधी स्पॉन्सरचं (म्हणजे हा कार्यक्रम चालवायची मान्यता असलेल्या संस्थेचं) नाव अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या यादीत शोध. व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म स्पॉन्सर देतो, एजंट नव्हे. मी उलटं केलं आणि आईची पाटली गहाण पडली.

दुसरं, डीएस-७००२ या फॉर्ममधला तुझ्या कामाचा आराखडा ओळ न् ओळ वाच. बरेच जण नुसती सही ठोकतात.

पहिला पगार हातात पडेपर्यंतचा खर्च जवळ ठेव. इंटर्नला जास्तीत जास्त १२ महिने. नंतरच्या ३० दिवसांत फिर, काम नाही.

कराचं तिकडे पोचलास की सांगतो. आणि हो, बॅगेत हापूस नको, विमानतळावर काढून घेतात. मालवणी मसाला मात्र घट्ट बांधून ने.