वाचक विचारतात : शिखरावरचा भन्नाट वारा मोजायचा कसा?

प्रश्न : हवामान केंद्रावर गरगर फिरणाऱ्या वाट्यांचे यंत्र असते. डोंगरमाथ्यावर तेच बसवले तर काय बिघडते?

उत्तर : बर्फ धरेपर्यंत काहीच बिघडत नाही. थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी 1846 मध्ये आयर्लंडमध्ये तयार केलेला हा वाट्यांचा वेगमापक आजही जगभर चालतो. झोत आला की त्याच्या वाट्या चटकन वेग घेतात आणि झोत ओसरला तरी लवकर मंदावत नाहीत, म्हणून झोतांच्या वाऱ्यात सरासरी किंचित जास्त येते. ही चूक समजून घेऊन दुरुस्त करता येते.

खरा शत्रू म्हणजे ढगातला बर्फ. शिखर ढगात बुडालेले असते तेव्हा त्या ढगातले थेंब शून्याखालीही पाणीच राहिलेले असतात आणि कशालाही आदळले की तिथेच गोठतात. हा पांढरा, खरबरीत थर वाऱ्याकडे तोंड करून वाढत जातो. वाट्यांवर तो बसला की त्यांचा आकार बदलतो, वजन वाढते, धुरा जड होतो आणि आकडा हळूहळू उतरू लागतो. यंत्र पूर्ण थांबले तर निरीक्षकाच्या लगेच लक्षात येते. अर्धवट गोठलेले यंत्र मात्र विश्वासार्ह दिसणारा खोटा आकडा देत राहते. आमच्या मते थांबलेल्या यंत्रापेक्षा हे कितीतरी वाईट.

प्रश्न : विमानाला असते तशी पिटॉट नळी शिखरावर वापरतात असे वाचले. तिच्यात फिरणारे काही नसते, मग वेग कळतो कसा?

उत्तर : दाबावरून. नळीचे तोंड वाऱ्याकडे असते, त्यामुळे आत घुसलेली हवा अडून दाब वाढतो. नळीच्या बाजूच्या बारीक भोकांतून वाऱ्याचा धक्का नसलेला, नुसत्या हवेचा दाब मिळतो. या दोन दाबांतला फरक म्हणजे हवेच्या घनतेची निम्मी पट गुणिले वेगाचा वर्ग. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनच्या (उंची 1917 मीटर) वेधशाळेत अशीच तापवलेली नळी वापरतात. नळी वातकुक्कुटासारख्या फिरत्या पंखावर बसवलेली असते, म्हणजे तोंड आपोआप वाऱ्याकडे वळते.

वर्गाचे हे नाते मंद वाऱ्यात गैरसोयीचे ठरते आणि जोरदार वाऱ्यात फायद्याचे. हवेची घनता घनमीटरला 1.06 किलो धरा. सेकंदाला 5 मीटर वाऱ्यात फरक जेमतेम 13 पास्कल येतो. 100 मीटरला तोच 5300 पास्कल होतो, म्हणजे सुमारे 54 सेंटीमीटर उंच पाण्याचा दाब. दाबमापकाचा शून्य 10 पास्कलने सरकला तर मंद वाऱ्यात 5 चे 6.6 दिसतील, पण 60 मीटरच्या वाऱ्यात फरक पाव मीटरही पडणार नाही. म्हणून शांत हवेची नोंद दुसऱ्या यंत्राने ठेवावी आणि पिटॉट नळीकडे फक्त तुफानाचे काम सोपवावे. 100 मीटरच्या आसपास हवा दबल्यामुळे आकडा साधारण एक टक्क्याने जास्त येतो, तीही दुरुस्ती करावी लागते.

प्रश्न : नळीत हीटर असला की काम झाले, नाही का?

उत्तर : निम्मेच झाले. तोंड तापवले आणि बाजूची भोके थंड राहिली तर भोके बुजतात. मग हवेचा दाब बदलेल तसा खोटा वेग वरखाली होत राहतो, आणि तो खरा वाराच वाटतो. हीटर मधेच बंद पडला तर वितळलेले पाणी आत गोठते, म्हणून पाणी निघायचे छिद्र मोकळे असायलाच हवे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो दाबमापकापर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्यांत. उभ्या भागात 1 सेंटीमीटर पाणी अडकले तरी 98 पास्कलची चूक होते. वारा 20 मीटरचा असेल तर 212 पास्कलऐवजी 114 दिसतील आणि वेग 14.7 वर येईल. नळ्यांना सलग उतार द्यावा, कुठेही झोळ पडू देऊ नये. त्या आखूडही ठेवाव्यात. लांब नळीत दाब पोहोचायला वेळ लागतो आणि झोताचे टोक बोथट होते.

आणखी एक : दाबमापकाची दुसरी, म्हणजे नुसत्या हवेच्या दाबाची नळी खोलीतल्या हवेत उघडी सोडून कधीही भागवू नका. इमारतीवरून वारा वाहतो तेव्हा खोलीतला दाबही बदलत असतो.

प्रश्न : उंचीवर हवा विरळ असते. त्याने आकडा किती बदलतो?

उत्तर : बराच. शिखरावर 800 हेक्टोपास्कल दाब आणि उणे 10 अंश तापमान असेल तर घनता येते 1.06. यंत्रात समुद्रसपाटीची 1.225 तशीच ठेवली असेल तर 60 मीटरचा वारा 55.8 दिसेल, म्हणजे ताशी 216 किलोमीटरचे 201. म्हणून वाऱ्याबरोबर हवेचा दाब आणि तापमानही नोंदवावे आणि घनता दर वेळी नव्याने काढावी. हिशेब सोपा आहे : 287 ला केल्विनमधल्या तापमानाने गुणा आणि त्या गुणाकाराने पास्कलमधल्या दाबाला भागा.

प्रश्न : ध्वनिलहरींचे यंत्र का नको?

उत्तर : हवे, पण एकट्याने नको. त्यात फिरणारे काही नसते आणि दिशाही उत्तम कळते. मात्र ध्वनी सोडणाऱ्या टोकांवर बर्फ किंवा पाणी बसले की नोंदी गळतात, आणि नेमक्या सर्वांत जोराच्या मिनिटांतच.

प्रश्न : जगातला विक्रम ताशी 372 किलोमीटर की 408?

उत्तर : 408. ऑलिव्हिया चक्रीवादळात 10 एप्रिल 1996 रोजी ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर तो झोत नोंदला गेला. जागतिक हवामान संघटनेने छाननी करून 2010 मध्ये त्याला मान्यता जाहीर केली. त्याआधीचा विक्रम माउंट वॉशिंग्टनचा, 12 एप्रिल 1934 रोजीचा 372 किलोमीटरचा. तिथले यंत्र तापवलेले होते, म्हणूनच ते त्या दिवशी फिरत राहिले. निरीक्षकांनी घड्याळ लावून यंत्राचे ठोके मोजले, अंशांकनाच्या (यंत्राचा आकडा खऱ्या वेगाशी जुळवण्याच्या) आलेखावरून वेग काढला, आणि नंतर यंत्राची पुन्हा चाचणी झाली.

आकड्यांची तुलना करताना काळ जरूर विचारा. आज झोत म्हणजे 3 सेकंदांची सरासरी, आणि वाऱ्याचा वेग म्हणजे 10 मिनिटांची. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले की तुलनेला अर्थ उरत नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या केंद्रात पिटॉट नळी आहे. ती बरोबर आहे हे वारा नसताना कसे पाहू?

उत्तर : पारदर्शक यू नळीत पाणी भरा. तिचे एक तोंड, पिचकारी आणि दाबमापक टी जोडाने एकत्र जोडा आणि यू नळीचे दुसरे तोंड उघडे ठेवा. पिचकारी दाबून दोन पातळ्यांत 10 सेंटीमीटरचा फरक आणा. तो झाला 981 पास्कल. घनता 1.06 ठेवली असेल तर पडद्यावर 43 मीटर, म्हणजे ताशी 155 किलोमीटर दिसायला हवेत. फरक 40 सेंटीमीटर केला की दाब चौपट होतो आणि वेग दुप्पट : 86 मीटर. पहिला आकडा चुकला आणि दुसरा जवळपास बरोबर आला तर शून्य सरकला आहे. दोन्ही एकाच प्रमाणात चुकले तर यंत्रातली घनता किंवा अंशांकन पाहा. यू नळीतली पातळी आपोआप घसरू लागली तर कुठेतरी गळती आहे, जोड आधी तपासा.