कॉम्प्युटर थंड ठेवणाऱ्या लूपमधलं पाणी दुधाळ झालंय, व्हिनेगर फिरवू का?

व्हिनेगरची बाटली आधी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की लूप (पंपाने पाणी फिरवणारी नळ्यांची बंद साखळी) दोन वर्षांपूर्वी भरला, नळ्या मऊ आणि पारदर्शक आहेत, ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकमध्ये (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) पांढरट थर धरलाय आणि गेम खेळताना कार्ड पूर्वीपेक्षा बरंच तापतं. हे शेवाळ वाटत नाही. शेवाळ सहसा हिरवट आणि बुळबुळीत असतं. पीव्हीसीची नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर घालतात. तो कोमट पाण्यात हळूहळू झिरपतो आणि वाट जिथे सगळ्यात अरुंद, म्हणजे ब्लॉकमधल्या फिन्सच्या, म्हणजे धातूच्या बारीक पट्ट्यांच्या, फटींत, तिथे जाऊन बसतो. व्हिनेगरने तो चिकटा धड सुटत नाही, उलट निकेलचा मुलामा खराब व्हायची भीती.

सगळं खोलण्याआधी पाण्याचं तापमान बघा. अर्धा तास गेम चालल्यावर पाणी खोलीपेक्षा १०-१५ अंशांनीच गरम असेल आणि कार्ड मात्र भडकलेलं, तर दोष ब्लॉकमध्ये किंवा चिप आणि ब्लॉक यांच्यामधल्या थर्मल पेस्टमध्ये. पाणीच ५५ अंशांच्या पुढे चाललं असेल तर रेडिएटरची धूळ किंवा पंप. डी५ या प्रकारच्या पंपाला ६०च्या वरचं पाणी मानवत नाही. धूळ ब्लोअरने उडवा, पण पंख्याची पाती बोटाने धरून. रस्त्याला लागून घर असेल तर हे काम वर्षभर पुढे ढकलू नका.

तुमच्या बाबतीत ब्लॉक उघडावाच लागेल. लूप रिकामा करा, कार्ड बाहेर काढा, स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे सैल करा. ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) खोबणीत कशी बसलीय त्याचा फोटो काढून ठेवा. चिमटली किंवा चपटी झाली असेल तर नवीच घाला. फिन्सना मऊ टूथब्रश, भांड्यांचं लिक्विड आणि कोमट पाणी पुरतं. ब्रश फिन्सच्या दिशेनेच फिरवा, आडवा नाही. खालून पिवळट, चिकट गाळ निघेल. वरचं पारदर्शक झाकण ॲक्रिलिकचं असेल तर त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल अजिबात लावू नका, बारीक तडे जातात. बसवताना स्क्रू पिळूनही तेच होतं.

नळ्या मात्र फेकाच. त्याच परत लावल्यात तर सहा-आठ महिन्यांनी पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल. मी ईपीडीएम रबराच्या काळ्या नळ्या सुचवीन. आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांचा झगमगाट त्यातून दिसत नाही, कबूल, पण त्यांच्यात प्लास्टिसायझर नसतो. दुधी रंगाचं पेस्टल कूलंटही टाळा. त्यातले रंगाचे कण पुढे गाळच होतात.

रेडिएटर कोमट पाणी भरून हलवून हलवून धुवा, शेवटच्या एक-दोन वेळा डिस्टिल्ड पाण्याने. नळाचं किंवा बोअरचं पाणी आत ठेवायचं नाही. आरओचंही नको, त्यात क्षार उरतातच. नुसतं डिस्टिल्डही फार दिवस ठेवू नये. गंजरोधक आणि जंतुनाशक घातलेलं तयार, रंगहीन कूलंट घ्या.

भरताना पॉवर सप्लायची २४ पिनची केबल मदरबोर्डमधून काढा, तिला जंपर (मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय सुरू करणारा जोड) लावून फक्त पंपाला वीज द्या आणि प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा. पंप कोरडा एक क्षणही फिरवू नका, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. रिझर्व्हॉयर, म्हणजे पाण्याची छोटी टाकी, भरा, पंप क्षणभर चालवा, बंद करा, पुन्हा भरा. बुडबुडे अडकले तर कॅबिनेट तिरकं करा. टिश्यू चोवीस तास कोरडे राहिले की मगच मदरबोर्ड जोडा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे की ॲल्युमिनियमचा? स्वस्त किटमध्ये ॲल्युमिनियमचा निघतो, आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर एकाच पाण्यात तो गंजत जातो. तसं असेल तर नवीन कूलंटवर पैसे घालण्याआधी रेडिएटरच बदला. मॉडेल इथे टाका, बघून सांगतो.