फुकट सेवेची किंमत आणि उशिरा लागणारे निकाल

प्रश्न : शोधयंत्र, नकाशे, निरोपांची देवाणघेवाण हे सारे मला पैसे न मोजता वापरता येते. मग एखाद्या कंपनीची त्यात मक्तेदारी असली, तरी ग्राहक म्हणून माझे काय बिघडते? शिवाय मक्तेदारीविरोधी कायदे पूर्वीपासून आहेतच. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठी वेगळा कायदा कशासाठी?

उत्तर : सेवा फुकट दिसते, ती आपल्या बाजूने पाहिल्यावर. पलीकडच्या बाजूला विक्रेते, जाहिरातदार आणि ॲप तयार करणारे असतात. आपल्यापर्यंत पोहोचण्यासाठी ते जे कमिशन आणि जाहिरातीचे जे पैसे भरतात, त्यांचा भार बऱ्याच अंशी आपण विकत घेतो त्या वस्तूच्या किमतीवरच पडतो. आपल्याकडून पैशांच्या जागी माहिती घेतली जाते, आणि दुसरीकडे जायला वाट नसली की ती किती घ्यायची व कशाशी जोडायची, हे एकटी कंपनी ठरवते. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने २०१९ मध्ये फेसबुकविरुद्ध नेमका हाच मुद्दा धरला होता. वापरकर्त्याच्या खऱ्या संमतीशिवाय ठिकठिकाणची माहिती एकत्र करणे हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे त्याने ठरवले.

वेगळा कायदा का लागला, हे समजण्यासाठी गूगलच्या खरेदी-तुलना सेवेचे, म्हणजे निरनिराळ्या दुकानांतील किमती शेजारी मांडून दाखवणाऱ्या सेवेचे, प्रकरण पाहावे. एखादी वस्तू शोधली की गूगल स्वतःची तुलना-सेवा ठळकपणे वर दाखवत असे आणि प्रतिस्पर्धी सेवा क्रमवारीत खाली ढकलल्या जात. सर्वांत वरचा क्रमांक मिळालेली प्रतिस्पर्धी सेवासुद्धा सरासरी चौथ्या पानावर दिसत होती, असे युरोपीय आयोगाला, म्हणजे युरोपीय संघात स्पर्धेचे नियम राबवणाऱ्या यंत्रणेला, आढळले. चौथ्या पानापर्यंत आपल्यापैकी कितीजण जातात? आयोगाच्याच निरीक्षणानुसार संगणकावर पहिल्या पानावरील दहा निकालांना सुमारे ९५ टक्के क्लिक मिळतात आणि दुसऱ्या पानावरील पहिल्या निकालाच्या वाट्याला जेमतेम एक टक्का येतो. चौकशी सुरू झाली नोव्हेंबर २०१० मध्ये, २४२ कोटी युरोंचा दंड झाला जून २०१७ मध्ये आणि युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला सप्टेंबर २०२४ मध्ये. ज्या सेवेकडे ग्राहक फिरकतच नाहीत, तिने ही जवळपास चौदा वर्षे कशाच्या जोरावर तग धरायचा? निकाल तिच्या बाजूने लागला, तरी तुटलेला ग्राहक त्या निकालाने परत येत नाही. जुन्या कायद्याची खरी उणीव मला इथे दिसते : नुकसान होऊन गेल्यावर तो हलतो आणि प्रत्येक वेळी सगळे पहिल्यापासून सिद्ध करत बसतो.

युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्याने हा क्रम बदलला. युरोपातील वार्षिक उलाढाल ७५० कोटी युरो किंवा बाजारमूल्य ७,५०० कोटी युरो, आणि महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते, अशा मोजमापांवरून काही कंपन्यांना ‘गेटकीपर’, म्हणजे बाजाराचे द्वारपाल, ठरवले जाते. अल्फाबेट (गूगलची मालक), ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स (टिकटॉकची मालक), मेटा (फेसबुकची मालक) आणि मायक्रोसॉफ्ट या पहिल्या सहा कंपन्या सप्टेंबर २०२३ मध्ये निश्चित झाल्या. क्रमवारीत स्वतःच्या सेवेला झुकते माप देऊ नये, संमतीशिवाय निरनिराळ्या सेवांतील माहिती एकत्र करू नये, ॲपबाहेर स्वस्त मिळते हे विक्रेत्याला ग्राहकाला सांगू द्यावे, अशी बंधने त्यांच्यावर मार्च २०२४ पासून लागू आहेत. ती मोडल्यास जगभरातील उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये ॲपलला ५० कोटी युरोंचा दंड झाला, तो यांतील शेवटच्या बंधनावरून. बंधने लागू झाल्यापासून त्या दंडापर्यंत तेरा महिने गेले.

प्रश्न : फोनमध्ये दुसरे शोधयंत्र निवडायला कोणी अडवत नाही. मग आधीपासून बसवून दिलेल्या शोधयंत्राबद्दल एवढी तक्रार का?

उत्तर : अडवत नाही हे खरे, पण बहुतेक लोक हाती आलेली मांडणी बदलत नाहीत, आणि ही सवय किती मोलाची आहे, हे कंपन्यांना पुरेपूर ठाऊक आहे. ब्राउझर आणि फोनमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून असावे, यासाठी गूगलने एकट्या २०२१ मध्ये २,६३० कोटी डॉलर मोजले, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला.

निवडीचा पडदा, म्हणजे कोणती सेवा हवी हे वापरकर्त्याला सुरुवातीलाच विचारणारी यादी, दाखवणे हा यावरचा एक उपाय आहे. मात्र त्यावर पहारा हवा. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये युरोपात ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवण्याची हमी दिली होती. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात विंडोज ७ च्या सुमारे दीड कोटी वापरकर्त्यांना तो दिसलाच नाही, आणि २०१३ मध्ये त्याबद्दल ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला. आदेश काढणाऱ्या नियामकाकडे स्वतः फोन आणि संगणक उघडून तपासणारे तंत्रज्ञ असलेच पाहिजेत, असे मी म्हणतो ते म्हणूनच.

प्रश्न : कडक नियमांमुळे नव्या सुविधा उशिरा मिळतील का?

उत्तर : काही वेळा मिळतील. ॲपलने जून २०२४ मध्ये वर सांगितलेल्या डिजिटल बाजार कायद्याचे कारण देऊन काही नव्या सुविधा युरोपीय संघात लांबणीवर टाकल्या. ही गैरसोय खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण चौथ्या पानावर ढकलल्या गेलेल्या सेवांनी आपल्यासाठी काय घडवले असते, ते आपल्याला दिसतही नाही, आणि म्हणून या हिशेबात ते नुकसान कोणी मांडतच नाही.