घरी गाडी दुरुस्त करायला कोणती खास हत्यारं विकत घ्यावीत?

जे काम वारंवार निघतं आणि साध्या पान्याने नीट होत नाही, त्याचंच हत्यार विकत घ्या. बाकीची भाड्याने आणा किंवा ते काम गॅरेजला द्या. माझ्या गाडीची सर्व्हिसिंग मी घरीच करतो, त्यावरून सांगतो, पहिला नंबर टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याचा. इंजिनाच्या वरच्या भागात, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, स्पार्क प्लग अंदाजाने आवळला की आटे जातात, आणि त्या दुरुस्तीपुढे रेंचची किंमत काहीच नाही. (क्लिकवाला रेंच वापरून झाला की सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा.) दुसरा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, साधंसुद्धा चालतं. फक्त कोड म्हणजे निदान नव्हे. 'पी०३०१' आलं तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, म्हणजे इंधन नीट पेटत नाही, एवढंच कळतं. प्रत्येक प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी वेगळी कॉइल असेल तर पहिली आणि दुसरी अदलाबदल करून बघा. कोड 'पी०३०२' झाला तर दोष कॉइलचा, नाहीतर प्लग तपासा, मग इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग).

टायमिंग लॉकचा सेट, म्हणजे टायमिंग बेल्ट बदलताना इंजिन जागच्या जागी धरून ठेवणारी हत्यारं, बहुतेक वेळा ठरावीक इंजिनांनाच बसतो आणि हा बेल्ट काही रोज बदलत नाही, तेव्हा तो घेऊ नका. चाकाजवळचे सांधे काढायच्या-बसवायच्या बॉल जॉइंट प्रेसचंही तेच.

अपवाद सुरक्षेच्या वस्तूंचा. जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणारे टेकू, वर्षातून एकदाच लागले तरी चांगल्यातलेच घ्या, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. आणि सस्पेन्शनची स्प्रिंग दाबून धरणारा स्वस्तातला स्प्रिंग कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी नको, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल.