क्रमशः कादंबरी आणि वाचकांची वर्गणी

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘प्रतिलिपी’ या वाचन-लेखनाच्या संकेतस्थळावर ती एका कादंबरीचे भाग टाकते आणि वाचकही भरपूर आहेत. आता कॉलेज सोडून, वाचकांकडून दरमहा पैसे घेऊन पूर्ण वेळ लिहायचे म्हणते. हे खूळ कसे घालवावे?
– एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : सप्रेम नमस्कार. कॉलेज सोडण्याला माझाही विरोध आहे, परंतु वर्गणीवर कादंबरी लिहिण्यात खूळ मला दिसत नाही. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये याच शहरात ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः छापल्या. आज मधला छापखाना आणि पोस्टमन गेला, एवढाच फरक.

मात्र फुकट वाचणारा आणि पैसे देणारा हे दोन वेगळे वाचक आहेत. पैसे देणाऱ्याला पुढचा भाग ठरल्या दिवशी हवा असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून दरमहा आपोआप रक्कम कापायची असेल, तर ग्राहकाची रीतसर मंजुरी लागते आणि प्रत्येक कपातीपूर्वी किमान २४ तास त्याला सूचना जाते. म्हणजे मोबाइलवर तो मेसेज आला की ‘गेल्या महिन्यात भाग वेळेवर आले होते का?’ हा विचार वाचकाच्या मनात येणारच, आणि उत्तर नकारार्थी असेल तर वर्गणी तिथल्या तिथे बंद होईल.

म्हणूनच या क्षेत्रातील जाणते लेखक लिहून तयार असलेल्या भागांचा साठा हाताशी ठेवतात; वर्गणीदारांना काही भाग आधी वाचायला मिळतात आणि तेच पुढे सर्वांसाठी खुले होतात. आपल्या मुलीकडे आज असे किती भाग शिल्लक आहेत, हे तिला अवश्य विचारावे. रात्री लिहून सकाळी टाकण्याची सवय असेल, तर सत्र परीक्षेच्या पंधरवड्यातच तिची गाडी अडेल. माझ्या मते तिने चालू कादंबरी कॉलेज सांभाळून, एकही वार न चुकवता पूर्ण करावी आणि दुसरी निम्मी लिहून झाल्यावरच वर्गणी सुरू करावी.

हिशेबही तिलाच मांडू द्यावा. १०० वाचकांनी ५० रुपये दिले तर महिन्याला ५,००० रुपये होतात, आणि त्यातून संकेतस्थळाचे कमिशन व पैसे पोहोचवण्याचे शुल्क जाते. पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेसचा डबा लावणाऱ्या कोणालाही विचारा, एवढ्यात महिना निघत नाही. तेव्हा पदवी पूर्ण करावी. मुद्रितशोधन, भाषांतर, ऑडिओ मालिकांचे लेखन ही कामे जोडीला शिकून घ्यावीत, लेखणी त्यानेही चालती राहते.

एका बाबतीत मात्र आपण स्वतः लक्ष घालावे. लोकप्रिय मालिकेचे हक्क मागणारे लवकरच येतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी व्हावे लागते, आणि मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. ऑडिओ, चित्रपट आणि भाषांतर हे हक्क एकाच ओळीत ‘कायमस्वरूपी’ मागितलेले दिसले, तर सही करण्यापूर्वी तो करार एखाद्या वकिलाला दाखवून घ्यावा.